नाकारलेली शिवण : भानू अथय्या यांच्या नृत्यवेशभूषेचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

नृत्य, नाट्य व चित्रपट या कलांच्या मराठी समीक्षेत संहिता, दिग्दर्शन, अभिनय, संगीत व नेपथ्य यांची चर्चा विस्ताराने झालेली दिसते. वेशभूषेच्या वाट्याला मात्र बहुधा अखेरच्या परिच्छेदातील एखादे वाक्य येते : ‘वेशभूषा प्रसंगानुरूप होती.’ हे वाक्य वरवर पाहता प्रशंसेचे असले, तरी एका अर्थाने तो नकारच असतो. ज्या घटकाविषयी एवढेच सांगण्यासारखे आहे तो घटक कलेच्या प्रांतात मोडत नाही, असे त्यातून सूचित होते. नृत्याच्या वेशभूषेबाबत हा नकार अधिक ठळकपणे जाणवतो. नर्तकीचे पदन्यास, मुद्रा, अभिनय यांची परिभाषा समीक्षेजवळ आहे. तिच्या अंगावरील वस्त्र कसे बेतले, कोठे शिवले, कोठे मोकळे सोडले आणि का, हे सांगणारी परिभाषा मात्र समीक्षेने घडविलेली नाही.

भानू अथय्या (१९२९–२०२०) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. शंभरांहून अधिक चित्रपटांची वेशभूषा करणाऱ्या आणि ऑस्कर मिळविणाऱ्या या पहिल्या भारतीय व्यक्तीविषयी गौरवपर लेखन पुष्कळ झाले आहे. त्यांच्या कामाची समीक्षा मात्र क्वचितच झाली. प्रस्तुत लेखात त्यांच्या नृत्यवेशभूषेचा निवडक चित्रपटांच्या आधारे विचार केला असून, शिवणकामाला कला म्हणून नाकारणाऱ्या दृष्टीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. नृत्याचे वस्त्र ही स्थिर वस्तू नसून ते हालचालीतच पूर्ण होते. म्हणून त्याचे मूल्यमापनही हालचालीच्या निकषावर व्हावयास हवे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नाशिकची पार्श्वभूमी

या विषयाचा आरंभ नाशिकपासून करणे सयुक्तिक ठरेल. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, हे सर्वविदित आहे. फाळके यांनी स्त्रीपात्रासाठी शोध घेतला तेव्हा नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांनीही त्यांना नकार दिला होता. अखेर उपाहारगृहात काम करणारा एक तरुण त्यांनी निवडला आणि त्याला साडी नेसविली. भारतीय चित्रपटातील पहिली ‘स्त्री’ अशा रीतीने नकारातून आणि वस्त्रातून निर्माण झाली. त्या पात्राचे स्त्रीत्व मुख्यतः वेशभूषेवरच तोललेले होते.

त्याच वर्षी फाळके यांनी आपले कार्य नाशिकला हलविले व ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट तयार केला. त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. मोहिनीचे अनुकरण करता करता भस्मासुर स्वतःच्या मस्तकावर हात ठेवतो, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा कळसबिंदू नृत्य हाच आहे. पुढे ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. त्यातही कालियाच्या फण्यावरील नृत्य हा केंद्रवर्ती प्रसंग आहे. नाशिकच्या चित्रपटसृष्टीत नृत्य आरंभापासून होते, असे यावरून म्हणता येईल. त्या नृत्यांची वस्त्रे कोणी बेतली व शिवली, याचा उल्लेख मात्र चित्रपटेतिहासाच्या प्रचलित कथनात येत नाही. सरस्वतीबाई फाळके यांनी चित्रपटाच्या फितीला छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत जो भार उचलला, त्याची दखलही फार उशिरा घेतली गेली. सुईदोऱ्याचे श्रम तर त्याहूनही अदृश्य राहिले.

फाळके हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. त्यांच्या चित्रपटाने प्रेरित झालेल्यांपैकी कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे एक. बाबूराव पेंटर यांच्याबरोबर काम केलेल्या अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराची कन्या म्हणजे भानू अथय्या. त्यांचेही कलाशिक्षण जे. जे. मध्येच झाले. नाशिक, कोल्हापूर व मुंबई या तीन स्थळांना जोडणारी ही परंपरा चित्रकलेची म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिच्यात वस्त्राचाही एक धागा आहे.

चित्रकलेकडून शिवणाकडे

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे छत्र त्यांना लहानपणीच गमवावे लागले. जे. जे. मध्ये शिकत असताना १९५१ मध्ये त्यांना चित्रकलेसाठी उषा देशमुख सुवर्णपदक मिळाले. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. पुरुष चित्रकारांच्या या प्रभावी वर्तुळात स्थान मिळविणारी ती एकमेव स्त्री होती. अशी चित्रकर्ती उपजीविकेसाठी स्त्रियांच्या नियतकालिकांत वस्त्रांची रेखाचित्रे काढू लागते, त्या नियतकालिकाच्या संपादिकेने उघडलेल्या दुकानासाठी प्रत्यक्ष कपडे बेतू लागते आणि तेथून अभिनेत्रींच्या मागणीवरून चित्रपटात प्रवेश करते, हा प्रवास रूढ कलादृष्टीला उतरणीचा वाटणे स्वाभाविक होते. कॅनव्हासवरून कापडावर येणे म्हणजे कलेकडून कारागिरीकडे घसरणे, असा समज या दृष्टीच्या मुळाशी आहे.

या समजाला महाराष्ट्रात सामाजिक इतिहास आहे. शिवणकाम एकीकडे विशिष्ट जातीचा परंपरागत व्यवसाय मानले गेले, तर दुसरीकडे मध्यमवर्गीय मुलींच्या बाबतीत ते गृहकृत्यदक्षतेचे लक्षण ठरले. शिवणाचा वर्ग लावलेल्या मुलीकडून संसाराला हातभार अपेक्षित होता, कलानिर्मिती नव्हे. वस्तुतः याच भूमीतील संत नामदेव हे शिंपी होते आणि ‘गुरू ग्रंथसाहिबा’त समाविष्ट असलेल्या त्यांच्या रचनेत गज, कात्री, सुई ही साधने भक्तीची प्रतीके म्हणून येतात. शिवणाला अर्थपूर्णतेचा एवढा मोठा वारसा असताना आधुनिक कलाविचाराने मात्र तिला उंबरठ्याबाहेर ठेवले, ही विसंगती लक्षणीय आहे.

भानू अथय्या यांच्या चरित्रात दार तोंडावर आपटल्याचे नाट्यमय प्रसंग शोधणे म्हणूनच फारसे उपयुक्त ठरत नाही. त्यांना चित्रपटांत काम मिळत गेले. ‘श्री ४२०’ (१९५५), ‘सी.आय.डी.’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) अशी त्यांच्या चित्रपटांची नामावली मोठी आहे. काम मिळत असताना त्या कामाचे कलापण अमान्य राहणे, हा नकार अधिक सूक्ष्म व अधिक दीर्घकाळ टिकणारा होता. तो कोणी एका व्यक्तीने दिला नव्हता. म्हणूनच त्याला तोंड देण्याचा एकच मार्ग त्यांच्यापुढे होता, तो म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ काम करीत राहण्याचा.

नेसणे आणि शिवणे

नृत्यवेशभूषेच्या विचारात एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. भारतीय स्त्रीवस्त्राची प्रतिष्ठा प्रामुख्याने न शिवलेल्या, अखंड कापडाशी जोडलेली आहे. नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. जुनी पैठणी फाडून तिचा पोशाख शिवणे आजही अनेक घरांत जिवावर येते. नाचणाऱ्या शरीराच्या गरजा मात्र वेगळ्या असतात. बैठकीत गुडघे बाहेर वळतात, गिरकीत कापड केंद्रापासून दूर फेकले जाते, हात डोक्यावर गेला की काखेखालची शिवण ताणली जाते. नेसलेले वस्त्र अशा वेळी सुटण्याचा धोका असतो, तर घट्ट शिवलेले वस्त्र हालचाल अडविते.

मराठी परंपरेने या प्रश्नाचे एक उत्तर शिवणाविना शोधले आहे. लावणीतील नऊवारी साडीचा काष्टा हे ते उत्तर होय. कापडाला कात्री न लावता, केवळ नेसण्याच्या कौशल्याने दोन्ही पाय मोकळे करणारी ही रचना आहे. भरतनाट्यमने दुसरे उत्तर स्वीकारले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये अड्यार येथे पहिल्यांदा नृत्य सादर केले आणि पुढल्या वर्षी कलाक्षेत्राची स्थापना केली. देवदासींच्या नृत्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या समाजाचा रोष पत्करून त्यांनी हे पाऊल उचलले होते. नव्या रंगमंचासाठी त्यांनी जो पोशाख घडविला त्यात मादाम काझान या इटालियन शिवणकर्तीचे साहाय्य घेतले होते. आज जो पोशाख प्राचीन वाटतो, त्याचा चुणीदार पंखा हा शिवणाचा आविष्कार आहे. बैठकीत तो उघडतो आणि उभे राहताच मिटतो. अंगाची आकृती व कापडाची आकृती एकाच क्षणी बदलावी, अशी त्यामागील योजना आहे. कथकच्या कळीदार पोशाखातही हेच तत्त्व दिसते. कळ्यांची संख्या व घेर यांचे नाते चक्करच्या गतीशी असते. हा पोशाख खुंटीला टांगलेला असताना त्याचे सौंदर्य अर्धेच कळते.

यावरून नृत्यवस्त्राच्या समीक्षेसाठी तीन निकष मांडता येतात. पहिला, वस्त्र हालचालीला वाट देते की अडथळा करते. दुसरा, ते हालचालीत नवा आकार निर्माण करते काय. तिसरा, त्या आकाराला कथेत किंवा भावात अर्थ प्राप्त होतो काय. या निकषांवर भानू अथय्या यांच्या तीन चित्रपटांतील वेशभूषेचा विचार करता येईल.

तीन चित्रपट : तीन उत्तरे

‘आम्रपाली’ (१९६६) या लेख टंडन दिग्दर्शित चित्रपटासाठी भानू अथय्या यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा प्रत्यक्ष अभ्यास केला. वैजयंतीमाला यांच्यासाठी त्यांनी योजिलेली कंचुकी, कमरेखालचे चापून नेसल्यासारखे वस्त्र व अलंकार यांचा प्रभाव पुढील पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांवर दीर्घकाळ राहिला. वैजयंतीमाला या भरतनाट्यमच्या शिक्षित नर्तकी असल्यामुळे वस्त्राने पायांना दिलेली मोकळीक त्या पूर्णपणे वापरतात. पहिल्या दोन निकषांवर ही वेशभूषा निःसंशय यशस्वी ठरते. तथापि तिसऱ्या निकषावर काही शंका उपस्थित होतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या प्रसिद्ध दृश्यात जी नर्तकी आहे, तिच्या अंगात लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र दिसते. प्राचीन भारतीय नर्तकीला शिवण अपरिचित नव्हती, याचा हा दृश्य पुरावा होय. चित्रपटाने लोकप्रिय केलेले रूप मात्र उघड्या खांद्यांचे व उघड्या कटीचे आहे. अजिंठ्यात उपलब्ध असलेल्या अनेक पर्यायांतून कोणता पर्याय निवडला गेला, याचे उत्तर केवळ इतिहासात सापडत नाही. विसाव्या शतकातील पडद्याची मागणीही त्या निवडीमागे आहे. अभ्यासाची प्रामाणिकता आणि बाजाराची अपेक्षा यांतील हा ताण भानू अथय्या यांच्या कामात वारंवार आढळतो. गौरवपर लेखनात तो झाकला जातो, म्हणून त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

‘गाइड’ (१९६५) मधील वेशभूषेचे स्वरूप याहून वेगळे आहे. रोझी ही देवदासीची मुलगी. तिचे नृत्य तिच्या संशोधक पतीला मान्य नाही. दगडी शिल्पांतील नर्तकींचा अभ्यास करणाऱ्या या पुरुषाला घरातील जिवंत नर्तकी नकोशी वाटते. नकारातून बाहेर पडून नर्तकी म्हणून उभी राहणाऱ्या स्त्रीची ही कथा वस्त्रांतूनही उलगडत जाते. वहिदा रहमान यांच्या सर्पनृत्यात कापड शरीराला लपेटून राहते व शरीराचे वळण हीच मुख्य रेषा ठरते. तेथे ती कोणासाठी नव्हे, तर आतील ऊर्मीने नाचते. पुढे ‘पिया तोसे नैना लागे रे’ या गीतात एकामागून एक पोशाख बदलत जातात आणि प्रत्येक बदलाबरोबर मंच मोठा होतो. कारकीर्दीचा चढता आलेख संवादांनी सांगण्याऐवजी येथे वेशभूषेने सांगितला आहे. सुरुवातीला शरीराच्या जवळ असलेले वस्त्र यशाबरोबर अधिकाधिक प्रदर्शनीय होत जाते आणि रोझीच्या एकाकीपणाची चाहूलही त्याच भपक्यातून लागते. वेशभूषा कथेचा अर्थ वाहून नेते ती अशी. तिन्ही निकषांवर ही भानू अथय्या यांची सर्वांत परिपक्व नृत्यवेशभूषा म्हणता येईल.

तिसरे उदाहरण ‘ब्रह्मचारी’ (१९६८) या चित्रपटाचे. ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ या गीतात मुमताज यांनी परिधान केलेली नारिंगी साडी प्रसिद्ध आहे. ही साडी नेसलेली नसून आधीच शिवलेली होती व तिला चेन बसविलेली होती. पाश्चात्त्य ट्विस्टच्या झटक्यांत पाच-सहा वार कापड नेसून टिकणे अशक्य होते. भानू अथय्या यांनी साडीचा आभास कायम ठेवून तिची रचना मुळापासून बदलली. लावणीने काष्ट्याद्वारे जो प्रश्न नेसण्याच्या कलेने सोडविला, तोच येथे कात्री व शिवण यांच्या साहाय्याने सोडविलेला दिसतो. पुढील काळात या साडीची अगणित अनुकरणे झाली. आज बाजारात सहज मिळणारी शिवलेली नऊवारीही तत्त्वतः याच विचाराच्या जवळ जाते. या साडीकडे फॅशन म्हणूनच पाहिले गेले. नृत्याच्या एका अडचणीचे ते तांत्रिक उत्तर होते, हे क्वचितच लक्षात घेतले गेले.

मान्यतेचा प्रश्न

११ एप्रिल १९८३ रोजी ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानू अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पुरस्कार मिळाला. ‘गांधी’ची वेशभूषा निःसंशय मोलाची आहे. तरीही ज्या प्रकारच्या कामात त्यांनी सुमारे तीन दशके सर्वाधिक प्रयोग केले, त्या नृत्यवेशभूषेला हा सन्मान मिळाला नाही, हे विसरता येत नाही. खादीचा साधेपणा गंभीर कलेत सहज सामावला गेला. नारिंगी साडीची चमक मात्र करमणुकीच्या खात्यात जमा राहिली.

ऑस्कर पुरस्कारांचा पहिला समारंभ १९२९ मध्ये, म्हणजे भानू अथय्या यांच्या जन्मवर्षीच झाला. त्यात वेशभूषेचा अंतर्भाव मात्र १९४८ च्या चित्रपटांपासून झाला. भारतात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये वेशभूषेसाठी स्वतंत्र पुरस्कार १९८४ च्या चित्रपटांपासून देण्यात येऊ लागला. आपल्या वेशभूषाकारास परदेशात सन्मान मिळाला तेव्हा देशातील राष्ट्रीय पुरस्कारांत त्या कामासाठी स्वतंत्र वर्गच नव्हता. पुढे ‘लेकिन’ (१९९०) व ‘लगान’ (२००१) या चित्रपटांसाठी भानू अथय्या यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१० मध्ये वेशभूषेच्या कलेवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या कामाची मीमांसा अखेर त्यांना स्वतःच लिहावी लागली, असे याबाबत म्हणता येईल. २०१२ मध्ये त्यांनी आपले ऑस्कर स्मृतिचिन्ह सुरक्षित जतनासाठी अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपविले. त्या कृतीला रागाची किनार नव्हती, चिंतेची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचे नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेले होते, ही घटना त्यांच्या मनात होती. आपल्या देशात आपले चिन्ह सांभाळले जाईल असा विश्वास त्यांना वाटला नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

येथे आणखी एक प्रश्न अटळपणे पुढे येतो. भानू अथय्या यांनी वस्त्रे योजिली, रेखाटली, कापड निवडले. ती शिवणारे हात मात्र बहुतांशी इतरांचे होते. त्या कारागिरांची नावे श्रेयनामावलीत शोधूनही सापडत नाहीत. चित्रकाराच्या शिक्षणामुळे आणि रेखाचित्रामुळे भानू अथय्या यांना ‘योजनाकार’ ही प्रतिष्ठा क्रमाने मिळाली. कागदावर न रेखाटता थेट कापडावर खडूने बेत काढणारा शिंपी मात्र कारागीरच राहिला. ज्या नकाराशी त्यांनी आयुष्यभर झुंज दिली, तोच नकार व्यवस्थेत एक पायरी खाली सरकला, असे म्हणावे लागते. हा दोष व्यक्तीचा नसून एकाच स्वाक्षरीत कला पाहण्याच्या सवयीचा आहे. नृत्यवेशभूषेच्या इतिहासाचे लेखन यापुढे करताना ही सवय ओलांडावी लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. नृत्याचे वस्त्र हालचालीत पूर्ण होते, म्हणून त्याची समीक्षा स्थिरचित्राच्या आधारे करणे अपुरे आहे. नेसणे व शिवणे यांत परंपरा व आधुनिकता असा सरळ विरोध नाही. अजिंठ्याची नर्तकी व लावणीचा काष्टा ही दोन्ही उदाहरणे हा विरोध फोल ठरवितात. भानू अथय्या यांची थोरवी त्यांच्या पुरस्कारात नाही. नाचणाऱ्या शरीराच्या अडचणींना त्यांनी दर वेळी नवे उत्तर शोधले, यात ती आहे. त्यांच्या कामातील ताण व मर्यादा यांसह ही उत्तरे तपासणे, हाच त्यांचा खरा सन्मान ठरेल.

या प्रश्नाचा महाविद्यालयीन जगाशीही निकटचा संबंध आहे. युवक महोत्सव व वार्षिक स्नेहसंमेलन यांतील समूहनृत्यांसाठी पोशाख ऐनवेळी शिवून घेतले जातात, उसवले तर रंगमंचामागे टाके घातले जातात. कार्यक्रमपत्रिकेत नृत्यदिग्दर्शक, गायक, वादक यांची नावे येतात. शिवणाऱ्याचे नाव सहसा येत नाही. फाळके यांचे स्मारक ज्या नगरात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभे आहे, तेथील महाविद्यालयांनी आपल्या पत्रिकेत ही एक ओळ वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही. परीक्षकांच्या गुणपत्रिकेतील ‘वेशभूषा’ या रकान्यात पोशाख किती झगमगतो याऐवजी तो नाचतो कसा, हे पाहिले गेले, तर विद्यार्थ्यांनाही शिवणाकडे पाहण्याची नवी दृष्टी लाभेल. एखाद्या मुलीला शिवणयंत्रावर आपले भवितव्य घडवावेसे वाटले, तर तिच्या निवडीला उतरण न मानण्याची सुरुवात वर्गातूनच होऊ शकते.